जहाजावरच्या दोन पंगती

दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला. म्हणाले, "अलकाताई, ट्रॅव्हल ऑफिसात इतकी वर्षं काढलीत, चार गमतीचे किस्से लिहून द्या की. जहाजाचे वगैरे. लोकांना आवडतं." मी हो म्हणून फोन ठेवला आणि तासभर एकटीच चिडत बसले. गमतीचे म्हणे! आमच्या धंद्यात समोरच्या खुर्चीतल्या माणसाला जी गंमत वाटते, त्यावर आम्हाला बी.पी.ची गोळी घ्यावी लागते. तरी लिहिते आहे. यातून कुणाला गंमत मिळाली तर ते त्याचं नशीब.

आमचं ऑफिस इंदरगंजला, चौराह्यापासून चार पावलांवर, पहिल्या मजल्यावर. मी तिथे रेल्वेच्या तिकिटांपासून सुरुवात केली. पुढे चारधाम आलं, मग दुबई-सिंगापूर आलं आणि शेवटची आठ-नऊ वर्षं माझ्या टेबलावर 'क्रूझ' अशी पाटी होती. ग्वाल्हेरला समुद्र नाही. नदी म्हणावी तर स्वर्णरेखा, आणि तिच्याबद्दल न बोललेलंच बरं. पण ज्या गावाने पाणी फक्त टँकरमध्ये पाहिलं आहे त्या गावाला जहाजाची केवढी हौस असते, ते माझ्या टेबलाशी बसल्याशिवाय कळणार नाही.

लोकांना वाटतं, जहाजाचं तिकीट काढताना खोली निवडणं अवघड असतं. खिडकीची घ्यायची की बाल्कनीची, एवढाच तो प्रश्न. तो पाच मिनिटांत सुटतो. खरं डोकं खातं ते जेवण. जहाजावर जेवण भाड्यातच धरलेलं असतं. सगळ्यात वरच्या मजल्यावर बुफे असतो, ताट घ्यायचं आणि रांगेत लागायचं. त्याशिवाय रीतसर जेवणघर असतं, त्याला मेन डायनिंग रूम म्हणतात. पांढरेशुभ्र टेबलक्लॉथ, छापलेलं मेनूकार्ड, आणि वेटर एकेक पदार्थ आणून देतो, आधी सूप, मग मुख्य जेवण, मग गोड. मोठ्या जहाजावर अशी जेवणघरं दोन-दोन असतात, एक वरच्या मजल्यावर, एक खालच्या. कोणत्या जेवणघरात आणि किती वाजता, हे बुकिंग करतानाच सांगावं लागतं. एकदा ठरलं की रोज तीच वेळ, तेच टेबल, तोच वेटर. बस, एवढंच आहे. पण एवढंच समजावताना माझे केस पांढरे झाले.

नया बाजारातले एक कापडाचे व्यापारी होते. त्यांना मी सांगितलं की दोन मेन डायनिंग रूम आहेत, त्यांतली एक निवडा. ते माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी त्यांना रंग जाणारं कापड विकते आहे. "मैडमजी, मेन तो एक ही होता है. दो-दो मेन कैसे हो गए? आप तो असली वाला बताइए." मी सांगितलं, स्वयंपाकघर एकच, मेनू एकच, फक्त खोल्या दोन. पटलं नाही. परत आले तेव्हा तक्रार घेऊनच आले. पहिल्याच दिवशी ते वर सूप पिऊन उठले होते आणि धावत खाली जाऊन तिथे गोड खाऊन आले होते. "दोनों जगह एक ही माल निकला," ते मलाच म्हणाले, आणि तेही फसवल्यासारख्या स्वरात!

एका डॉक्टरांना पूर्वेकडे तोंड करून जेवायचं होतं. मी म्हटलं, डॉक्टरसाहेब, जहाज आहे ते, वळतं. तर म्हणाले, "मग कॅप्टनला विचारून घ्या ना, जेवणाच्या टाइमला किधर मुड़ता है." या माणसाच्या हातून लोक ऑपरेशन करून घेतात.

पण हे सगळे परवडले. ज्यांच्यामुळे मी आजही रागाने लाल होते, ते आमच्यापैकीच, मराठी. आडनाव लिहीत नाही, ग्वाल्हेरच्या लश्कर भागात सगळे एकमेकांना ओळखतात. पूर्वज दक्षिणेतून फौजेबरोबर आलेले. आता तलवार राहिली नाही, पण घरात एकमेकांना साहेब म्हणायची रीत राहिली आहे. घरातले कर्ते दादासाहेब, बँकेतून रिटायर झालेले. त्यांच्या पत्नी वहिनीसाहेब. लग्नाला पन्नास वर्षं होत होती म्हणून मुलामुलींनी मिळून सिंगापूरहून निघणाऱ्या जहाजाची चार दिवसांची सहल ठरवली होती. दादासाहेब, त्यांचे दोन भाऊ, दोन मुलगे, एक जावई. सहा पुरुष आणि त्यांच्या सहा बायका. एकूण बारा.

दादासाहेब आणि वहिनीसाहेब दोघंही ऑफिसात आले होते. मी नेहमीप्रमाणे विचारलं, जेवण वर सव्वासहाला हवं की खाली साडेआठला? दादासाहेबांनी क्षणाचाही विचार केला नाही. म्हणाले, "पुरुषांचं वर, सव्वासहाला. बायकांचं खाली, मागाहून."

वहिनीसाहेब शेजारच्या खुर्चीत पदर सावरून बसल्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "एकच टेबल नाही का मिळत?"

"आमच्याकडे पद्धत आहे ती आहे," दादासाहेब म्हणाले. ते माझ्याकडे बघून बोलले, त्यांच्याकडे नाही.

आता मी काय केलं ते सांगते, कारण नुसतं दुसऱ्यांवर चिडणं सोपं असतं. बारा जणांचं एक टेबल मिळणं महाकठीण असतं. प्रतीक्षेत नाव टाकायचं, रोज मेल करायचे, जहाज कंपनीच्या मागे लागायचं. सहा-सहाची दोन टेबलं मात्र बटण दाबलं की मिळतात. शुक्रवार होता, दुपार होती, मला फाइल बंद करून घरी जायचं होतं. आणि खरं सांगायचं तर मला त्यात काही वावगं वाटलंच नाही. आमच्याकडेही आधी पुरुष जेवायचे, मग आई आणि काकू बसायच्या. डायनिंग टेबल आलं तेव्हा पाट गेले, पण क्रम तोच राहिला. मी वहिनीसाहेबांना म्हटलं, "असंच ठीक राहील हो, आराम से होईल सगळं." आणि बटण दाबलं. स्वतः नोकरी केलेली, देशोदेशी ग्रुप घेऊन हिंडलेली बाई मी. जहाजावरसुद्धा बायकांची पंगत दुसरी बसवली ती माझ्या बोटाने.

इतर प्रवासी धरून ग्रुप तीस जणांचा होता, म्हणून ऑफिसतर्फे मीही बरोबर गेले. बायकांच्या टेबलावर एक खुर्ची जास्तीची होती, ती मी घेतली. पहिल्या संध्याकाळी पुरुष वर जाऊन जेवून आले, ढेकर देत लिफ्टमधून उतरले, आणि मग आम्ही खाली गेलो. टेबलावर मेनूकार्डं होती. वेटर फार अदबशीर. त्याने सगळ्यात आधी वहिनीसाहेबांना विचारलं, काय घेणार? त्यांनी कार्ड मिटून ठेवलं आणि मला म्हणाल्या,

"अलका, वर काय काय उरलंय ते विचार ना ह्याला. त्यातलंच सांगते मी. उगीच नवीन करायला नको."

मला वाटलं चेष्टा करताहेत. मी हसले. पण टेबलावर दुसरं कुणीच हसलं नाही. त्यांच्या धाकट्या जाऊबाई मान हलवून म्हणाल्या, "हो, विचारलेलं बरं. पुरुषांना भाजी पुरली की नाही कोण जाणे."

मी समजावलं की इथे तसं नसतं, प्रत्येकाचं ताट वेगळं, ताजं. वहिनीसाहेबांनी ऐकून घेतलं. "असं कसं? पहिल्या पंगतीला जास्तीचं केलेलं असणारच की," म्हणाल्या, आणि टोमॅटोचं सूप आणि साधा भात सांगितला. समोर छापील कार्डावर वीस पदार्थ होते! मला त्या वेळी जो संताप आला तो दादासाहेबांवर होता, वहिनीसाहेबांच्या सासूवर होता, जिला मी कधी पाहिलंही नव्हतं, आणि माझ्या स्वतःच्या आईवरही होता. तीही आयुष्यभर पातेलं खरवडून जेवली आणि मला वाटायचं, तिला खरवडच आवडते.

जेवण झाल्यावर आम्ही दोघी डेकवर जरा बसलो. मी विचारलं, वहिनीसाहेब, ऑफिसात तुम्ही एका टेबलाचं म्हणाला होतात, ते मनापासून होतं का? त्या जरा लाजल्या. सत्तरी ओलांडलेली बाई, लाजली.

"पन्नास वर्षं झाली बघ," त्या म्हणाल्या. "ह्यांना काय आवडतं, किती तिखट लागतं, कशाने पोट बिघडतं, सगळं माहीत आहे. पण हे जेवताना समोरून कसे दिसतात ते मी कधी पाहिलं नाही. मी आपली बाजूला उभी, वाढायला. म्हणून म्हटलं होतं. जाऊ दे, तेवढ्यासाठी कशाला घोळ."

जाऊ दे कसं? सकाळी उठल्याबरोबर मी दादासाहेबांना गाठलं. चांगल्या शब्दांत सांगितलं की उद्या तुमच्या लग्नाच्या वाढदिवसाला तरी दोघं एका टेबलावर बसा, मी बदलून घेते. ते कॉफी ढवळत होते. म्हणाले, "अलकाबाई, तुम्ही तिकिटं काढा. आमच्या घरचं आम्ही बघतो."

एवढ्यावर मी गप्प बसायला हवं होतं. पगार मला तिकिटांचाच मिळत होता. पण मी तडक गेले ते जेवणघराच्या प्रमुखाकडे. फर्नांडिस नावाचे गोव्याचे गृहस्थ होते, माझ्याशी हिंदीत बोलायचे, मधूनच मराठी. त्यांच्यासमोर टेबल बदलून मागणाऱ्यांची ही रांग. माझा नंबर आला तेव्हा त्यांनी यादी चाळली. बाराचं टेबल नव्हतंच. दोघांचं एक होतं, वर, खिडकीशी, पण शेवटच्या संध्याकाळी. मी म्हटलं, लिहून ठेवा. येतील की नाही माहीत नाही, पण लिहून ठेवा.

लग्नाचा वाढदिवस तिसऱ्या दिवशी होता. जहाजावर अशा वेळी केक देतात, वेटर टाळ्या वाजवत गाणं म्हणतात. केक येतो तो बुकिंग ज्यांच्या नावावर त्यांच्या टेबलावर. बुकिंग दादासाहेबांच्या नावावर होतं. म्हणजे पन्नासाव्या वाढदिवसाचा केक, त्यावर क्रीमने लिहिलेली दोघांची नावं, सव्वासहाला सहा पुरुषांसमोर आला! वेटरने म्हणे विचारलंही की मॅडम कुठे आहेत. दादासाहेबांनी भावाबरोबर तो कापला, सगळ्यांनी खाल्ला, फोटो काढले आणि उरलेला बांधून घेतला.

साडेआठला तो खोका आमच्या टेबलावर आला. वहिनीसाहेबांनी झाकण उघडलं. दादासाहेबांचं नाव खाऊन संपलं होतं आणि वहिनीसाहेबांच्या नावाचं शेवटचं अक्षर तेवढं शिल्लक होतं. त्यांनी ते बघितलं आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आता सांग, अलका. वरचं उरलेलं खाली येतं की नाही?"

त्यांच्या आवाजात कुरकुर नव्हती, उलट आपलं म्हणणं खरं ठरल्याचं समाधान होतं. त्यांनी सुरी घेतली, सगळ्यांना सारखे तुकडे केले, मलाही दिला, आणि आपल्याला सगळ्यात शेवटी घेतलं. मी तो तसाच ताटलीत ठेवला. त्यांची मुलगी मीनल मात्र ताडकन उठली. ती पुण्याला असते, स्वभावाने माझ्यासारखीच. ती सरळ वडिलांच्या खोलीवर गेली, आणि मी तिच्या मागे, वाटेत खिडकीच्या टेबलाचं सांगत. कुणाला बरं वाटो न वाटो, मला ते ऐकायचंच होतं.

"बाबा, उद्या आई वर जेवणार आहे, सव्वासहाला, खिडकीच्या टेबलावर," मीनल म्हणाली. "तुम्हाला यायचं असेल तर या. नाही तर ती एकटी बसेल आणि अख्खा ग्रुप बघेल. अब बहुत हो गया, बाबा. आईचं नाव खाल्लंत तुम्ही लोकांनी!"

दुसऱ्या दिवशी दादासाहेब आले खरे. मला वाटतं, बायको एकटी बसलेली ग्रुपने पाहणं त्यांना सहन झालं नसतं. मनापासून आले असं मी मुळीच म्हणणार नाही.

शेवटच्या संध्याकाळी मी वरच्या जेवणघराच्या दाराशी फर्नांडिससाहेबांच्या शेजारी उभी राहिले. त्या वेळेला मला तिथे खुर्ची नव्हती. वहिनीसाहेब हिरवी पैठणी नेसून आल्या होत्या. दोघं समोरासमोर बसले. सूप आलं. दादासाहेबांनी चमचा उचलला. वहिनीसाहेबांनी मीठ-मिरी त्यांच्याजवळ सरकवली, पाव मोडून त्यांच्या ताटलीत ठेवला, आणि हात मांडीवर घेऊन बसल्या. स्वतःच्या सुपाला हात लावला नाही. मी कपाळावर हात मारला. पन्नास वर्षांची सवय एका खुर्चीने कशी सुटणार?

दादासाहेबांचं सूप संपलं. त्यांनी वेटरकडे बघितलं. वेटर जागचा हलला नाही. थोड्या वेळाने त्यांनी हात वर केला. "अरे भाई, आगे का लाओ."

"सर, मैडम अभी ले रही हैं."

"मैडम बाद में लेंगी. तुम लाओ."

वेटर बिचारा दाराकडे बघायला लागला. फर्नांडिससाहेब टेबलाशी गेले, किंचित वाकले आणि अगदी गोड आवाजात म्हणाले, "साहब, हमारे यहाँ बाद में नहीं होता. टेबल पर सबका हो जाए, तब प्लेटें उठती हैं. उसके बाद ही आगे का आता है."

हा नियम आहे, मुद्दाम केलेला खोडसाळपणा नव्हता. टेबलावर एकाचं जरी चालू असेल तरी पुढचा पदार्थ येत नाही. मला तो इतकी वर्षं ठाऊक होता, पण त्याचा असा उपयोग होईल हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

दादासाहेबांनी रिकाम्या वाटीकडे बघितलं, मग बायकोकडे. "खाऊन घ्या," ते म्हणाले.

"तुमचं होऊ द्या."

"माझं तुमच्यामुळे अडलंय!"

मग वहिनीसाहेबांनी चमचा उचलला. सुरुवातीला घाईघाईने दोन घोट घेतले. तिसऱ्या चमच्याला त्यांनी वर बघितलं. नवरा समोर हात बांधून बसला होता, ताटली रिकामी, तोंडाकडे बघत. असा त्यांनी त्याला जन्मात पाहिला नव्हता. आणि मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, बाईंनी चमचा खाली ठेवला, नॅपकिनने ओठ टिपले, बाहेरच्या पाण्याकडे बघितलं, आणि मग सावकाश पुढचा घोट घेतला. मुख्य जेवणाच्या वेळी तेच. गोडाच्या वेळी तर त्यांनी मेनूकार्ड पुन्हा मागवलं आणि पहिल्या ओळीपासून वाचून घेतलं. दोन तास लागले त्या जेवणाला.

बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, "घास तोंडात गेला की डोळे मिटतात ह्यांचे. बाजूने कळत नव्हतं ते. मला वाटायचं, ह्यांना कशाचंच काही वाटत नाही."

मीनलला रडू फुटलं. तीस जणांच्या ग्रुपमधल्या निम्म्या बायकांना फुटलं. मला नाही फुटलं. एवढीशी गोष्ट कळायला एका बाईला पन्नास वर्षं लागावीत आणि शेवटी एका परक्या वेटरने अडून बसावं लागावं, यात गोड काय आहे ते मला तेव्हाही कळलं नाही आणि आजही कळत नाही.

परत आल्यावर पंधरा दिवसांनी दादासाहेबांचं पत्र आलं, स्वतःच्या हस्ताक्षरात. खोल्या उत्तम, कर्मचारी नम्र, परंतु शेवटच्या संध्याकाळी भोजनसेवा अतिशय संथ होती. आपलं सूप संपल्यावरही आपल्याला बराच वेळ ताटकळत ठेवण्यात आलं. ऑफिसच्या प्रतिनिधी दाराशी उभ्या असूनही त्यांनी काही केलं नाही. तरी याबद्दल खुलासा मिळावा.

आमच्या मालकांनी ते माझ्या टेबलावर ठेवलं. "अलकाजी, पुराने कस्टमर हैं. दो लाइन सॉरी की लिख दीजिए, बात खत्म."

सॉरीची पत्रं मी आयुष्यभर लिहिली. पाऊस पडला म्हणून सॉरी, समुद्राला लाटा होत्या म्हणून सॉरी. तेही लिहायला बसले आणि 'आपणांस झालेल्या गैरसोयीबद्दल' इथपर्यंत आले. मग वाटलं, माफी मागायचीच असेल तर ती पत्र लिहिणाऱ्याची नाही, त्या दुपारी शेजारच्या खुर्चीत बसलेल्या बाईची मागायला हवी, आणि ती मी अजून मागितलेली नव्हती. कागद फाडला. वहिनीसाहेबांना फोन लावला, त्यांची माफी मागितली. त्या म्हणाल्या, "वेडी आहेस का?" आणि मेथीच्या लाडवांचं काहीतरी विचारत बसल्या.

मग दादासाहेबांना उत्तर लिहिलं. मालकांना न दाखवता पाठवलं, त्याबद्दल पुढे मला जे ऐकून घ्यावं लागलं ते घेतलं. पत्र असं होतं:

"आपली तक्रार मिळाली. आम्ही चौकशी केली. सेवेला कोणताही उशीर झालेला नाही. त्या वेळी आपल्या टेबलावर आणखी एक व्यक्ती जेवत होती."